चार बोटं रुंद

कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या अरुंद होड्या, बनवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण शेवटचा शब्द बायकोचा. तिनं पाण्यात नेऊन पाहिल्याशिवाय एकही कयाक गिऱ्हाइकाकडे जात नसे. खाडीत चक्कर मारून ती यायची आणि चुकांचा पाढा वाचायची. पाठ अवघडते, टोक वाऱ्याकडे पळतं, ही सीट आहे की पायरी? तो कुरकुरत पुन्हा कामाला लागायचा. आपलं नाव झालं ते हिच्या तोंडामुळे, हे मात्र तो मनातून जाणून होता.

मग ती जिन्यावरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि वर्षभर पाण्यात जाणं बंद. आता डॉक्टरांनी परवानगी दिली होती, आणि आज ती नव्या कयाकमध्ये बसून निघाली तेव्हा तो धक्क्यावरून तिची प्रत्येक हालचाल निरखत होता. कारण ही कयाक त्यानं तिला न सांगता नेहमीपेक्षा चार बोटं रुंद केली होती. काही झालं तरी उलटू नये म्हणून.

पाणी शांत होतं. थोडं पुढं जाऊन तिनं कंबर एका बाजूला कलती केली. एरवी कयाक तेवढ्यानंच वळायला लागे. ही ढिम्म. पुन्हा कलून पाहिलं, तरी तेच. शेवटी वल्हं मारून मारून तिनं ती कशीबशी परत आणली.

"कशी वाटली?" त्यानं विचारलं.

"छान आहे."

त्याचा चेहराच पडला. अख्ख्या संसारात तिनं एकाही कयाकला छान म्हटलं नव्हतं. हा शब्द ती दुसऱ्यांच्या घरातल्या पडद्यांसाठी राखून ठेवी.

"छान म्हणजे?"

"म्हणजे पलंग छान आहे. उशी आणा, झोपते. अहो, कितीनं वाढवलीत?"

"चार बोटं," तो पुटपुटला. "तुला पुन्हा काही झालं असतं तर?"

"आणि ही गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणार?"

"नाही गं. तुझ्यासाठीच ठेवणार होतो. फिरायला."

यावर ती भांडेल असं त्याला वाटलं. ती भांडली नाही.

"म्हणजे माझं काम संपलं म्हणा की," ती हळूच म्हणाली.

हे त्याला फार लागलं. जपता जपता आपण हिला घरी बसवायला निघालो होतो. तो मुकाट्यानं कार्यशाळेत गेला आणि गिऱ्हाइकासाठी तयार केलेली, नेहमीच्या मापाची कयाक खांद्यावर घेऊन आला.

तिनं वल्हं उचललं. बसली आणि गेली. किंचित कलली, तशी कयाक वळली. आणखी कलली, पुन्हा वळली. मग जरा जास्तच कलली आणि बुडुक्कन उलटली.

त्याचा एक पाय पाण्यात गेला होता. तो तिथंच थांबला. असं थांबणं त्याला कधीच इतकं जड गेलं नव्हतं.

कमरेइतक्या पाण्यात ती उभी राहिली. केस डोळ्यांवर, लाइफ जॅकेट निथळतंय.

"सीट उंच झालीय!" ती तिथूनच ओरडली. "आणि मांडीच्या आधाराला कसलं पॉलिश फासलंय? मांडी घसरते! लोकांना बुडवायचंय का?"

"अजून काय?" त्यानं विचारलं. आणि तो तिच्याकडे पाण्यात उतरला.

"बरंच आहे," ती म्हणाली. "आधी हिच्यातलं पाणी काढा. मला पुन्हा चक्कर मारायचीय."