हाताची घडी

गुरम्मा बोलायला लागली की पहिल्या अक्षरालाच तिची गाडी अडायची. पोर नऊ वर्षांची, बुद्धीनं तल्लख. पण वर्गात उभी राहिली की बाकीच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. आईनं वेखंड मधात उगाळून जिभेला चोळलं, देवाला नारळ झाले, पण कशाचाच गुण नाही. बाप शिवलिंगप्पा भवानी पेठेतला विणकर. त्यानं विरुपाक्ष मास्तरांना स्वच्छ सांगितलं होतं, "मागल्या साली तोंडी परीक्षेत नापास झाली. औंदा झाली तर शाळा बंद. घरी मागाच्या सुताच्या कांड्या भरंल."

मास्तर भारी हट्टी. एकदा तिच्या घरी गेले असता त्यांनी पाहिलं, माग खटखटत असला की त्याच्या ठेक्यावर ही आईशी घडाघडा बोलते. अरे वा! मग काय, रोज शाळा सुटल्यावर शिकवणी. मांडीवर बोटानं ठेका धरायचा, एका ठोक्याला एक शब्द. चार महिन्यांत पोरीनं अख्खी कविता म्हणून दाखवली, तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तपासणीच्या दिवशी तोंडी परीक्षा घ्यायला आलेल्या दिपोटी साहेबांनी गुरम्माचं नाव पुकारलं. ती पुढं आली आणि छातीशी हातांची घट्ट घडी घालून उभी राहिली.

आता ही मांडीवर ठेका धरणार कशी? साहेबापुढं घडी सोडायची नाही, असं आठवडाभर त्यांनीच तर छडी दाखवून वर्गाला पढवलं होतं! हिला वगळायचं ध्यानातच आलं नव्हतं. डोकं कुठं चरायला गेलं होतं, देव जाणे.

"क... क... क..." पोरीची मान ताठली, ओठ थरथरले. मास्तरांनी आपल्या मांडीवर बोट आपटून खुणावलं, तोच साहेब गुरकावले, "मास्तर, खुणा करायच्या असतील तर बाहेर व्हा." 'हात सोड, बाळे,' एवढंच तर म्हणायचं होतं, पण नोकरी आडवी आली. साहेबांनी 'नापास' असा शेरा लिहिला आणि पुढचं नाव पुकारलं.

जागेवर जाताना गुरम्मा मास्तरांपाशी थबकली. "म... मास्तर, मी घ... घडी सोडली न्हाय," ती म्हणाली. शाबासकी हवी होती तिला.

संध्याकाळी चूक कबूल करायची, असं ठरवूनच मास्तर शिवलिंगप्पाकडं गेले.

"तुमी लई केलं, मास्तर," तो हात जोडून म्हणाला. "पोरीचीच जीभ जड. त्याला तुमी तरी काय करनार?"

पलीकडं गुरम्मा कांड्या भरायला बसली होती. ती मास्तरांकडंच बघत होती.

"खरं आहे," मास्तर म्हणाले.