सशाच्या नावावर

"आत्या, जरा टॉवेल देता का?" क्रांतीने मोरीतून सासूला हाक मारली. तिच्या मांडीवर बंडू ससा आडवा पडला होता आणि ती कोमट पाण्यात कापूस बुडवून त्याचं ओलं बूड पुसत होती.

रंगूबाईंनी टॉवेल दिला कसला, फेकलाच. गेल्या दिवाळीपासून सशाला लघवी धरवेनाशी झाली होती. सांगलीचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, कातडी ओली राहू देऊ नका. झालं! धू, पूस, मलम लाव. वर आणि, "व्हय रं माझ्या राजा, झालं झालं."

राजा म्हणे! रंगूबाईंचा नुसता जळफळाट होई. सशाचा हेवा वाटतो हे सांगणार तरी कुणाला? कारण दोन वर्षांपासून त्यांनाही धरवत नव्हतं. खोकला आला की लुगडं ओलं. घर जागं व्हायच्या आत ते गुपचूप धुवायचं, गच्चीच्या कोपऱ्यात वाळत घालायचं. आणि हा मुतरा दिवसाढवळ्या सुनेच्या मांडीवर पाय पसरून पडणार. त्याला लाज नाही नि भीती नाही.

एका दुपारी डोळा लागला आणि अंगाखालची गोधडी भिजली. त्यांचा मुलगा वीरधवल कुपवाडच्या कारखान्यातून नेमका तेव्हाच घरी आला.

"हे कुणी केलं?"

"बंडूनं. आणि कुणी?" रंगूबाई बोलून गेल्या. ससा घरभर मोकळाच असायचा, कुणालाही पटलं असतं. मग तेच पुन्हा एकदा झालं. तिसऱ्यांदा मात्र वीरधवल भडकला.

"आईच्या हातरुणात घाण? क्रांती, लय झालं. रविवारी वडूजला तुझ्या आईकडं सोड त्याला."

"तिथं त्याला कोण धुनार? आईला नीट दिसत न्हाई."

"ते मला सांगू नगंस."

क्रांतीने सासूकडे पाहिलं, चांगलं घटकाभर पाहिलं. रंगूबाई खाली मान घालून शेंगा फोडत राहिल्या. आता सुनेचे हात मोकळे होतील, एवढंच त्यांच्या मनात होतं.

रविवारी बंडू गेला. शुक्रवारी गोधडी पुन्हा भिजली. आता नाव घ्यायला घरात कुणी नव्हतं. रंगूबाई तिच्यावरच बसून राहिल्या, चहालाही उठल्या नाहीत. वीरधवल कामावर गेल्यावर क्रांती आली.

"उठा आत्या, गोधडी धुते."

"ऱ्हाऊ दे. थंडी वाजतीया."

"आवं, मला ठावं हाय." क्रांती त्यांच्याजवळ टेकली. "सशाचं वाळलं की चुना सांडल्यावानी पांढरं उरतं. तुमच्या गोधडीवर कवाच नव्हतं."

"मग त्या दिशी बोलली का न्हाईस?"

"तुमच्या लेकापुढं? कसं बोलू?"

ज्याच्यावर रंगूबाई इतक्या जळत होत्या, त्याला हिने त्यांच्याखातर स्वतःच्या हाताने पिशवीत घालून नेलं होतं.

क्रांतीने मोरीत गोधडी बडवली. भिजलेली गोधडी एकटीला पिळवत नाही. रंगूबाई आपणहून उठल्या, लुगडं बदललं आणि मोरीत जाऊन गोधडीचं दुसरं टोक धरलं.

"वीरधवलला मीच सांगते," त्या म्हणाल्या. "आन् उद्याच्या एस्टीनं वडूजला जाऊ दोघी. आणू त्येला."

क्रांतीने मान वर केली नाही.

"परवा आईचा फोन आलता, आत्या. गेला त्यो." तिने आपल्याकडच्या टोकाला पीळ घातला. "धरा घट्ट."