मोठे डोळे

आई गेल्यावर चौथ्या दिवशी प्रणोती वर्ध्याहून आली, साडेतीन महिन्यांच्या वैष्णवीला घेऊन. प्रणोती म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, केतनची बायको, आणि माझ्या मामाचीच मुलगी. आईनेच तिला मागणी घातली होती. घरची पोरगी घरात येईल म्हणून. बाळंतपणाला ती माहेरी गेली आणि इथे आईचं आजारपण वाढल्यामुळे तिकडेच राहिली. त्यामुळे भाचीला मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं.

पाहिलं असं म्हणत नाही. माझा डावा डोळा केव्हाच गेला. उजव्यात नळीतून डोकावावं एवढं उरलंय, त्यात एका वेळी एक नाक किंवा एक कान मावतो. जन्मजात काचबिंदू. डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट जन्मापासून अडलेली असते, आत दाब वाढत राहतो आणि नजर कडेकडेने मरत जाते. अडतीस वर्षं आईने माझ्या डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब घातले. मला घालता येत होते, ती घालू देत नसे. आता मी घालते तर दर तिसरा थेंब गालावर पडतो.

हिंदी मुलखातल्या रांझीच्या आमच्या घरात सुतकामुळे दिवसभर माणसं असायची. येणारी प्रत्येक बाई आधी रडायची, मग बाळाजवळ सरकायची आणि म्हणायची, "काय डोळे आहेत हो! केवढे मोठे!"

शेजारच्या बेबीताई आम्हाला सगळे विधी सांगत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरगी कुठं आहे, नुसते डोळेच आहेत! हिच्या आजीनं पाहायला पाहिजे होतं."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या मी खाली ठेवला.

माझेही डोळे मोठे होते. सात महिने सगळं घर त्यांचं कौतुक करत होतं. आई काजळ भरत होती, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकत होती. तान्ह्या बाळाचा डोळा आतल्या दाबाने फुगतो आणि म्हणून मोठा दिसतो, हे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तोवर डाव्या डोळ्यात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई ही गोष्ट कधी पुरती सांगत नसे. काजळापर्यंत यायची आणि उठून जायची.

बेबीताईंच्या त्या बोलण्यानंतर मला बसवेना. मी वैष्णवीच्या मागेमागे राहू लागले. सकाळी व्हरांड्यात उन्हात तेल लावताना ती किंचाळायची. पलंगावरचा दिवा लागला की तोंड फिरवायची. तिचा गाल सतत ओला लागायचा. लाळ नव्हे, ओल वरून येत होती.

आठव्या दिवशी मी केतनला सांगितलं.

"ताई, दहावं होऊ दे, तेरावं होऊ दे. मग दाखवू. पाच दिवसांत काय होते?"

"पाच दिवसांत काय होतं ते मला माहीत आहे."

"तुला आजकाल सगळीकडे तेच दिसून राहिलं," तो म्हणाला आणि शेवटच्या शब्दावर अडखळला.

प्रणोती मात्र अडखळली नाही. "आत्या गेल्या, तुमचं मन थाऱ्यावर नाही, ते समजते मला. पण माझ्या पोरीला तुमचं दुखणं काहून लावून राहिल्या?"

मी पुष्कळ वाचते, म्हणजे आता ऐकते, आणि वाचणाऱ्याला शंका घ्यायची सवय असते, स्वतःवरही. दुःखात माणूस काहीही जुळवून पाहतो. कदाचित बाळाला ऊन आवडत नसेल, इतकंच.

दहाव्याच्या सकाळी बापू, म्हणजे माझे वडील, आणि केतन इतर पुरुषमंडळींबरोबर पिंडदानासाठी ग्वारीघाटावर गेले. बेबीताई स्वयंपाकघरात होत्या. प्रणोतीने बाळाला उन्हात घेतलं आणि पोरीने जो टाहो फोडला, तो मला सहन झाला नाही.

"एकदाच माझं ऐक," मी म्हणाले. "तिला कोठीच्या खोलीत आण."

आमच्या कोठीला खिडकी नाही. मी दार लावून घेतलं. रडणं हळूहळू उतरलं, आणि मग त्या काळोखात वैष्णवी चक्क हुंकारून बोलायला लागली.

"आता दार उघड."

वैष्णवी किंचाळली आणि तिने प्रणोतीच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"भूक लागली असेल," प्रणोती म्हणाली.

आम्ही पुन्हा दार लावलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्या वेळी तिने भुकेचं नाव काढलं नाही.

"बाहेर खिडकीपाशी ये," मी म्हणाले. "तिचं तोंड जरा तिरपं धर आणि बुबुळ कसं आहे ते सांग. तूच सांग, मला ते दिसणार नाही."

"काळं आहे."

"नीट पाहा."

ती आणखी जवळ वाकली. "वरून धुकं आल्यावानी आहे, ताई. थंडीत आरशावर वाफ धरते ना, तसं." मग हळू आवाजात, "आत्यानं विचारलं होतं मला."

"काय?"

"व्हिडिओ कॉलवर. पोरगी उजेडात डोळे मिटते का, म्हणून. मी म्हटलं, हो, लाजते. आत्या पुढं बोलल्याच नाही. मला वाटलं फोन कटला."

कधी, ते मी विचारलं. तिने सांगितलं. त्यानंतर आई एकोणचाळीस दिवस जगली. रोज दोनदा मला खाटेशी वाकायला लावून तिने माझ्या डोळ्यांत थेंब घातले, आणि हे मला सांगितलं नाही. घाबरली असेल. आपण चुकत असू, अशी आशा धरून बसली असेल. प्रणोतीला, स्वतःच्या भाचीला, तिनेच सून म्हणून मागून आणलं होतं; घरातल्या घरात लग्न लावून हे दुखणं आपणच नातीपर्यंत आणलं, असंही वाटलं असेल. मला तिचा भयंकर राग आला, आणि ज्या बाईचं दहावं आज चाललं होतं तिच्यावर रागवायचं कसं, ते कळेना.

"चप्पल घाल," मी प्रणोतीला म्हणाले.

बेबीताई दारात आडव्या आल्या. "अगं, आज कुठं निघाल्या दोघी? घाटावरून माणसं येतील, घरात कोणी नको?"

"तुम्ही आहात ना."

"मी काय घरची आहे?"

"आज आहात," मी म्हणाले. त्या बाजूला झाल्या. "अच्छा, जा बाई. शाल घ्या पोरीला," असंही म्हणाल्या.

रिक्षात प्रणोती एकसारखी पुटपुटत होती, काहीच नसेल, काहीच नसेल. कांचघरच्या बाजारात रिक्षा अडकली. मी ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, हॉर्न ही बजाओगे या निकालोगे भी?" तो म्हणाला, "दीदी, उड़ा तो नहीं सकता." प्रणोती हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

ओमतीजवळच्या डॉक्टरीणबाईंनी वैष्णवीच्या डोळ्यांवर बारीक पट्टी धरून बुबुळं मोजली. दोनदा मोजली. "घर में किसी को है?"

"मुझे," मी म्हणाले.

"जन्म का काला मोतिया लगता है," त्या म्हणाल्या, म्हणजे काचबिंदूच. "दोनों में. आज ही भर्ती कीजिए. कल बेहोश करके प्रेशर नापेंगे. ज़्यादा निकला तो वहीं ऑपरेशन."

"नज़र बचेगी?" प्रणोतीने विचारलं.

"जितनी है, उतनी बचाने की कोशिश करेंगे. वादा नहीं करती."

मी फोन केल्यावर तासाभराने केतन आला, घाटावरून सरळ. मुंडण झालेलं, अंगाला ओल्या कपड्यांचा वास. "ताई, तू कोणाला विचारून—"

"मी आणलं तिला," प्रणोती म्हणाली. "ताईंना काही बोलू नका."

तो बाळाजवळ गेला. तिच्या तोंडावरचा शालीचा पदर त्याने बाजूला केला असावा, कारण ती रडली, आणि लगेच थांबली; त्याने तो परत ओढला असणार.

"परवा-तेरवा पाहुणे येतील," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "तेरावं कोण करेल?"

"बापू करतील," मी म्हणाले. "नाही झालं तर नाही होणार."

खाली कोणीतरी स्ट्रेचर ओढत होतं. केतन उभाच होता. आईच्या भर्तीच्या वेळी सगळ्या कागदांवर त्यानेच सह्या केल्या होत्या.

"फॉर्म कुठं आहे?" त्याने विचारलं. "सही करतो."

"केली मी," प्रणोती म्हणाली.