तुळजाबाईचं निळीचं पिंप

पेशवाईतल्या पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की रंगाऱ्याचं निळीचं पिंप रुसलं तर गावात एखादी सणसणीत थाप उठवायची. थाप जितकी लांब जाईल, तितकी नीळ लवकर ताळ्यावर येते. हसणाऱ्यानं खुशाल हसावं, मात्र स्वतःचं पिंप नासल्यावर आमच्याकडे येऊ नये.

शनिवार पेठेतल्या दत्तोबा रंगाऱ्याचं पिंप नासलं ते बायकोच्या, तुळजाबाईच्या सुतकात. नासणारच. चाळीस वर्षं ही बाई पहाटे उठून बोट बुडवायची, नीळ चाखायची, चुना कमी की गूळ कमी ते सांगायची. कोपरापर्यंत निळ्या हातांनी तिनं तीन दीर वाढवले, चार पोरं वाढवली, सगळ्यांची लग्नं लावली. दमले म्हणून कधी बसली नाही. आणि थापा? त्याही तिच्याच. मुठेत मगर शिरली असं सांगून एकदा तिनं दोन दिवस घाट ओस पाडले होते. दत्तोबा तेव्हा लाजेनं मान खाली घालून कापड पिळत बसला होता.

तेरावं उरकून पोरं लष्कराच्या तळावर परतली, तंबू रंगवायला. घरात उरला दत्तोबा आणि ते पिंप. त्यानं चुना घातला, गूळ घातला, टाकळ्याचं बी शिजवून ओतलं. काही केल्या फेस येईना. हे पिंप मेलं, तर तिच्या हातचं जिवंत असं या घरात काही राहणार नव्हतं.

आता थाप हवी. पण बिचारा जन्मात कधी खोटं बोलला नव्हता. तेवढ्यात मांजरी गावाहून महिन्यातून एकदा भाजी घेऊन येणारी सोजरबाई दारात टेकली. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"तुळजाबाई कुठं हाय?" तिनं विचारलं.

"माहेरी गेलीय, जेजुरीला," दत्तोबा म्हणाला. "येईल चार दिसांत."

बोलून गेला आणि स्वतःच चरकला. सोजरबाईनं ती बातमी भाजीबरोबर पेठोपेठी पोचवली.

चौथ्या दिवशी पिंपावर तांबूस झाकेचा निळा फेस दाटला. दत्तोबानं बोट बुडवून चाखलं. नीळ ताळ्यावर आली होती. त्याच वेळी कसब्यातली कुणी वासंती म्हणून बाई लुगडं घेऊन दाराशी आली.

"अहो, तुळजाबाई आल्या म्हणे माहेराहून. हे त्यांच्याच हातात द्यायचंय."

"आली?" दत्तोबा म्हणाला, आणि ओल्या हातांनी तसाच लगबगीनं आत बघायला गेला.

बाई बराच वेळ दारात उभी राहिली. मग आतून म्हाताऱ्याचं रडणं ऐकू आलं, तशी ती लुगडं ओट्यावर ठेवून निघून गेली.