डाव्या दिव्याचा पोचा

पितळेचा पत्रा लाल करून पाण्यात बुडवला की मऊ पडतो.

चितळाच्या डोळ्यांवर एकदम उजेड मारला की ते पळत नाही, जागीच खिळतं.

कागद कारखान्याचा भोंगा झाला की केसरबाई डबा घेऊन निघते.

दिव्यातले जोड डागायची एक कच्ची झाळ असते. दिवा तापत गेला की ती सुटते.

पोचा माणसाच्या कमरेच्या उंचीवर होता.

*

त्या पोच्यावरूनच श्रावणने गाडी ओळखली. बल्लारपुरातल्या त्याच्या लेथच्या दुकानासमोर ठेकेदार गुणवंतरावांनी ती ओढून आणली होती. अडतीस सालची मोटर, इतकी वर्षं गोठ्यात कोंबड्यांखाली पडलेली. आता नागपूरला जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार म्हणून मालकांना तिची आठवण झाली होती.

"दिवे, कड्या, खटके, मुठी, सगळं नवं घडव मिस्त्री. बाजारात काहीच भेटत नाई."

"हा पोचा कायचा, मालक?"

"शिकारीले गेलतो ना. आला कोणीतरी मधात. बांबू तोडणारा होता बिचारा. नाव आता काय आठवते!"

नाव कोलू होतं. श्रावणचा मोठा भाऊ, केसरबाईचा नवरा. जनावरांना चाहूल लागू नये म्हणून गुणवंतराव त्या संध्याकाळी दिवे मालवून गाडी हाकत होते. पोलिसांना त्यांनी सांगितलं ते वेगळं: दिवे चालू होते, माणूसच बिनकंदिलाचा आडवा आला.

"घडवतो," श्रावण म्हणाला. दुसरं काही बोलला असता तर हातातला हातोडा हातात राहिला नसता.

*

जुना डावा दिवा त्याने समोर खिळ्याला टांगला. पोचा ठोकून काढला नाही. लेथवर सागाचा साचा फिरवायचा, त्यावर पत्रा दाबत दाबत वाटी चढवायची, पत्रा कडक झाला की पुन्हा तापवायचा. वाटी चढत होती आणि श्रावणच्या डोक्यात गुणवंतरावांच्या शिकारीच्या, अहेरीच्या वाटेवरचं नाल्याचं वळण चढत होतं.

"भाऊजी, एवढं मन लावून काय करून राह्यले?" केसरबाईने डबा ठेवला.

त्याने बल्बची जागा दाखवली. "इथी कच्ची झाळ देतो, वयनी. तापली का सुटते. दोन्ही दिवे एकदम जाते. मंग तो अन् नाला."

केसरबाईने भात वाढला. वरण वाढलं. मग म्हणाली, "त्या वाटेनं दिवेलागणीले कोन येते?"

श्रावणने दिवा उलटा करून झाळेची जागा घासली.

"सरपणाच्या बाया येते. डोक्यावर भारे. तो तं लोखंडात बसला, त्याले काय होते? आंधळ्या गाडीखाली कोन येते ते मले नका शिकवू."

"मंग सोडून देऊ त्याले?"

"सोडाची गोष्ट कोनं केली?" तिने डब्याचं झाकण आपटलं. "त्याले अंधारच भेटू देऊ नका."

भात तसाच राहिला. श्रावणने कच्ची झाळ खरवडून काढली, पक्की दिली आणि वायर खटक्याला न जोडता आतून थेट इंजिनाच्या किल्लीला नेली. खटका घडवला तो मात्र फार देखणा. पितळी, नक्षीचा, टक् असा गोड वाजणारा. त्याच्यात काहीच नव्हतं.

गाडी दाखवताना तो स्वतः आत बसला. एका हाताने खटका फिरवला, दुसऱ्या हाताने गुपचूप किल्ली.

"वा!" बाहेरून गुणवंतराव म्हणाले. "लागले! विझले! वा!"

*

मिरवणुकीआधीच त्यांना पाहुण्यांसमोर मिरवायची हौस आली. पुढचं त्यांच्या ड्रायव्हरने, झिंगूने, दुकानात येऊन सांगितलं.

"मिस्त्रीभाऊ, काय सांगू! मालक म्हणे, झिंगू, तू मागं बस, आज मी हाकतो. बंदुका घोंगडीखाली. जंगल नाका आला तसा मालकानं खटका फिरवला. टक्! दिवे चालूच. टक्, टक्! लगनाची वरात वाटे. पाहुणे हासून राह्यले. शेवटी मालकानं किल्लीच फिरवली."

"मंग?"

"दिवे विझले ना. गाडीबी विझली. नाक्याच्या दांडीखालीच. नाकेवाल्यायनं बंदुका धरल्या, गाडी जप्त केली, मालक तिथीच फतकल मारून बसले. म्हणते, मिस्त्रीले विचारून ये, काऊन केलं असं?"

श्रावणने खिळ्यावरचा जुना दिवा काढला. पोच्याच्या खोलगट भागात छिन्नीने दोन अक्षरं ठोकली आणि दिवा झिंगूच्या हातात दिला.

झिंगूने वाचलं. "कोलू? हा कोन?"

"त्यायले विचार. अन् नाई आठवलं तं पुन्हा विचार."

झिंगू गेल्यावर केसरबाईने डबा उघडून भात वाढला. दोघंही पोटभर जेवले.

*

कोलूच्या हातात त्या संध्याकाळी पेटलेला कंदील होता.