फाटकावरचा निळा फलक

थांब.

रूळ रिकामे दिसत होते, तरी चालक लॉरीन वावरा हिने शाळेची पिवळी बस फाटकाआधी उभी केली. अमेरिकेत, नेब्रास्कातली कुठलीही शाळेची बस अशीच थांबते आणि दार उघडून गाडीची चाहूल घेते. मागची मुलं सवयीने गप्प झाली.

दार उघड.

गार वारा आत शिरला. पहिल्या बाकावर आज वॉशिंग्टनहून आलेली डेल्फीन रस्क होती. रेल्वेचे तपासनीस कुठे पाठवायचे याची सरकारी आखणी नीट आहे का, हे तपासणं तिचं काम. लॉरीनने तिला मुद्दाम बसमध्ये घेतलं होतं. इथली घंटा कधीकधी गाडी अगदी तोंडाशी आल्यावर वाजायची, आणि इकडे तपासनीस फिरकतच नव्हता. मुलांना मात्र रोज इथूनच न्यायचं.

ऐक.

डेल्फीन म्हणाली, आखणी अपघातांवर आणि तक्रारींवर चालते. या फाटकाची एकही तक्रार नाही.

"नाही कशी? घंटा बिघडली की लगेच फोन करतो आम्ही."

"कुणाला?"

"एमेटला."

डेल्फीनने खांबावरच्या निळ्या फलकाकडे पाहिलं. त्यावर बिघाड कळवण्यासाठी रेल्वेचा फोन नंबर होता. लॉरीनचे कान तापले. एमेट झूबेक गावातलाच, रेल्वेचा सिग्नल दुरुस्त करणारा. त्या नंबरवर फोन म्हणजे त्याच्याविरुद्ध चुगली, असं सारं गाव धरून चाललं होतं. तो ताटावरून उठून यायचा आणि जाताना त्याला घरी भाजलेला चेरी-पाय, चेरी भरलेला गोड पदार्थ, मिळायचा.

जा.

बस रूळ ओलांडून गेली. संध्याकाळी लॉरीन एमेटच्या दारात उभी राहिली. तक्रार केली तर तुझी नोकरी जाईल का, असं तिने चाचरत विचारलं.

एमेट हसत सुटला. "अगं बाई, मी वरच्या साहेबांकडे या घंटेसाठी नवी केबल मागून थकलो. ते विचारतात, तक्रार कुठाय? आणि तुम्ही मला चेरी-पाय चारताय."

पुढच्या वेळी घंटेला उशीर झाला तेव्हा लॉरीनने निळ्या फलकावरचा नंबर फिरवला. मग न्हाव्याने, मग पाद्रीबाईंनी. डेल्फीनने अहवालात लिहिलं: जिथून तक्रार येत नाही, तिथेही जाऊन बघा.

तपासनीस आला. केबलही आली, एमेटनेच ती पुरली.

थांब. दार उघड. ऐक.

घंटा वाजली. गाडी अजून दूर, मक्याच्या शेतांपलीकडे होती. मागून एक पोरगी म्हणाली, "आता घंटा वेळेवर वाजते, मग दार उघडून ऐकायचं कशाला?"

"सवय आहे," लॉरीन म्हणाली. "गप्प बस, ऐकू दे."