बधिर जबडा

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "आतली नस किडलीय. दात ठेवायचा तर रूट कॅनल. एका बैठकीत होईल, पण दीड तास आ करून बसावं लागेल. नाहीतर आज मुळातल्या नळ्या साफ करून औषध भरते, पुढच्या आठवड्यात पक्कं बंद करू."

"चांगलं कुठलं?"

"तुमच्या दाताला दोन्ही सारखंच. तुम्हाला काय जमतंय ते बघा."

बाहेर सासूबाईंच्या मांडीवर ठमी होती, माझी चार महिन्यांची लेक. बाटली जिभेने ढकलून देणारी. माझ्यावाचून दीड तास तिला कोण आवरणार?

"दोनदा येते," मी म्हणाले.

सुई टोचली, अर्धा जबडा परका झाला. दातांमध्ये रबराचा ठोकळा, तोंडावर रबरी पडदा. बोलायची सोयच नाही. कुणी काही मागत नव्हतं, आणि मागितलं असतं तरी मला उठता आलं नसतं. बारीक सुया दातात खसखस फिरू लागल्या. तेवढंच आठवतं.

"अहो, उठा."

डॉक्टरीणबाई हसत होत्या. "या खुर्चीत लोक रडलेत, देवाचा धावा केलाय. घोरलं मात्र कुणी नव्हतं."

पडदा, ठोकळा निघाल्यावर पहिला शब्द फुटला तो, "बाळ?"

"आजीच्या खांद्यावर गाढ. तुम्ही काढून आणलेलं दूध त्यांनी वाटी-चमच्याने पाजलं. तुमच्या नळ्याही छान कोरड्या झाल्यात. अजून अर्धा तास द्या, आजच संपवते."

सासूबाई दारातून डोकावल्या. "उरकून टाक गं एकदाचं. ही मजेत आहे."

आता दुसऱ्यांदा यायचं काही कारणच उरलं नव्हतं. मागे रेललेली ती खुर्ची मी हाताने चाचपली. अंग अजून तिच्यातून निघायला तयार नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात येते," मी जड ओठांनी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग काही न विचारता औषध भरलं आणि वर कच्चं सिमेंट लावलं.

जिना उतरताना सासूबाईंनी ठमीला माझ्याकडे दिलं नाही.

"दातात काही अडलं का गं?"

"नाही, आई."

त्यांनी ठमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"पुढच्या खेपेला अर्धाच तास म्हणाली ना ती? जरा सावकाश कर म्हणावं."